घराच्या दुरुस्तीनंतरची धूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांतील पंचवीस-तीस वर्षे जुन्या सदनिकांमध्ये स्नानगृहाची फरशी उखडणे, वायरिंगसाठी भिंतींना झिऱ्या पाडणे, पीओपीचे छत, पुट्टी आणि रंग अशी कामे एकापाठोपाठ निघतात, आणि बहुतेक कुटुंबे त्या काळात त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत राहत असतात. खालील प्रश्न अशाच घरांतून येणारे आहेत. उत्तरांमागचे सूत्र एकच आहे: धूळ उडवायची नाही, ती पकडून उचलायची.

काम संपून आठवडा झाला, रोज फरशी पुसतो, तरी सकाळी पुन्हा पांढरा थर दिसतो. असे का होते?

याची कारणे दोन आहेत. पहिले कारण कणांच्या आकारात आहे. सुमारे दहा फूट उंचीच्या खोलीत, हवा अगदी शांत असताना, दहा मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सिमेंटचा किंवा दगडाचा कण छतापासून जमिनीपर्यंत काही मिनिटांत येतो. एक मायक्रॉनच्या कणाला मात्र कित्येक तास लागतात, आणि पंखा लावला किंवा कोणी खोलीतून चालत गेले की तो पुन्हा वर जातो. म्हणजे आपण संध्याकाळी फरशी पुसतो तेव्हा उद्या सकाळी दिसणारी धूळ अजून हवेतच असते.

दुसरे कारण असे की, बहुतेक घरांत फरशी रोज पुसली जाते, पण धुळीचे साठे तसेच राहतात. पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, दाराच्या चौकटीची वरची कड, पडद्याची दांडी, माळा, खिडकीच्या सरकत्या काचांचे रूळ, कपाटाच्या माथ्यावरची जागा आणि स्वयंपाकघरातील ट्रॉलींच्या मागची भिंत ही ती ठिकाणे होत. हे साठे रिकामे होत नाहीत तोवर फरशी कितीही वेळा पुसली तरी थर येतच राहणार.

ही धूळ घरातल्या नेहमीच्या धुळीपेक्षा जास्त अपायकारक असते का?

होय. नेहमीच्या धुळीत कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण आणि रस्त्यावरची माती यांचा भाग मोठा असतो. बांधकामाच्या धुळीत सिमेंट, वाळू, विटा, टाइल आणि दगड यांचे चूर्ण असते आणि त्यात स्फटिकरूप सिलिका असते. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे साधारण चार मायक्रॉनपेक्षा लहान, फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात आणि तेथून सहजी बाहेर पडत नाहीत. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणारी स्फटिकरूप सिलिका आणि लाकडाची बारीक धूळ या दोन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

यात घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षे त्या धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. घरातील माणसांना पंधरा-वीस दिवसांत प्रामुख्याने खोकला, डोळ्यांची जळजळ, नाक चोंदणे आणि दमा असल्यास त्याचा जोर वाढणे असा त्रास होतो. ओट्यासाठी कृत्रिम क्वार्ट्‌झचा दगड निवडला असेल तर मात्र अधिक सावध राहावे. या दगडात सिलिकाचे प्रमाण बहुतेक वेळा नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे तो घरात कोरडा कापू देऊच नये. माप नेमके देऊन कारखान्यातूनच कापून आणावा.

काम सुरू असतानाच धूळ आटोक्यात ठेवता येते का?

येते, आणि खरी मेहनत येथेच घ्यावी. काम सुरू असताना घेतलेली एका तासाची काळजी नंतरची दोन दिवसांची सफाई वाचवते, हे आमच्या घरच्या दोन दुरुस्त्यांनंतर खात्रीने सांगता येईल. पहिल्या वेळी दारावर जुनी चादर टांगली होती, आणि तीन खोल्यांपलीकडच्या देवघरातील समईवरही सिमेंटचा थर बसला.

चादरीतून बारीक धूळ आरपार जाते. त्याऐवजी जाड प्लॅस्टिकचा पडदा चौकटीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावावा आणि ये-जा करण्यासाठी मध्ये उभी चीर ठेवून तिच्यावर आणखी एक प्लॅस्टिक वरून सोडावे. दाराच्या खालच्या फटीत ओले गोणपाट ठेवावे. ते पायांची धूळही टिपते, मात्र दिवसातून दोनदा धुवावे लागते. ज्या खोलीत तोडफोड चालू आहे तिच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, तर हवा घरातून त्या खोलीकडे आणि तेथून बाहेर जाते, आणि धूळ उलट्या दिशेने आत येण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. खाली शेजाऱ्यांची बाल्कनी किंवा वाळत घातलेले कपडे नाहीत ना, हे आधी पाहावे.

कापकाम हा धुळीचा सर्वांत मोठा उगम आहे. टाइल आणि दगड ओले करून कापले तर बहुतेक धूळ चिखलाच्या रूपात खालीच बसते. हातातील विजेच्या कटरवर पाणी सोडण्यात विजेचा धोका असल्यामुळे पाण्यासाठी बनवलेलेच यंत्र वापरावे, त्याचे अर्थिंग नीट असावे आणि ते ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) जोडलेले असावे. जेथे पाणी वापरता येत नाही, उदाहरणार्थ झिऱ्या पाडताना, तेथे यंत्राच्या पात्यावर झाकण बसवून त्याला धूळ ओढणारी नळी जोडता येते. अशी यंत्रे भाड्याने मिळतात, परंतु ठेकेदार आपणहून ती क्वचितच आणतो. म्हणून काम ठरवताना, दरपत्रकातच, कापकाम कोठे आणि कसे होईल हे लिहून घ्यावे.

उखडलेला माल फावड्याने हलवण्याआधी त्यावर पाणी शिंपडावे, गोण्या त्याच खोलीत भरून तोंडे बांधावीत आणि त्या फरफटत न नेता उचलून न्याव्यात. पुट्टी घासण्याच्या दिवशी तर घरात कोणी थांबूच नये. काचकागदाने घासताना निघणारे चूर्ण इतके हलके असते की ते कुलूप लावलेल्या कपाटातही फटींतून शिरते.

कोणता मास्क वापरावा? रुमाल किंवा साधा कापडी मास्क पुरेसा आहे का?

पुरेसा नाही. कापड खडे आणि जाड धूळ अडवते, बारीक कण नाही. एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा मास्क घ्यावा. भारतीय मानकाचा क्रमांक आयएस ९४७३ आहे आणि तो वेष्टनावर पाहून घ्यावा. मास्क चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटलेला नसेल तर कडांमधून हवा आत येते आणि त्याचा फायदा निघून जातो, त्यामुळे दाट दाढीवर तो नीट काम करत नाही.

कारागीर मास्क वापरायला तयार नसतात. त्यांना सांगणे आपले काम आहे का?

आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरात धूळ महिनाभर असते. गवंडी, फरशी बसवणारा आणि रंगारी यांच्यासाठी ती रोजची आहे. सिलिकोसिस हा सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार कामगार सुरक्षेच्या कायद्यातील अधिसूचित रोगांच्या यादीत आहे, पण घरोघरी जाऊन काम करणारा कारागीर त्या कायद्याच्या कक्षेत सहसा येतच नाही. मास्क गुदमरवतो ही त्यांची तक्रार खोटी नसते, विशेषतः मे महिन्यात. झडप असलेला मास्क त्यामानाने सुसह्य होतो. मास्कची खोकी आपणच आणून ठेवावी, कामात थोड्या थोड्या वेळाने बाहेर बसण्याची मुभा द्यावी आणि त्या वेळाचे पैसे कापू नयेत. कामानंतरच्या सफाईला येणाऱ्या मावशींनाही हेच लागू आहे: त्यांना मास्क आणि हातमोजे द्यावेत, आणि हे काम रोजच्या केर-फरशीत न धरता त्याची वेगळी मजुरी द्यावी.

घरात तान्हे बाळ आहे आणि आजींना दमा आहे. काय करावे?

तोडफोड, कापकाम आणि पुट्टी घासणे हे टप्पे पूर्ण होऊन पहिली सफाई उरकेपर्यंत दोघांनाही नातेवाइकांकडे ठेवणे सर्वांत योग्य. ते शक्य नसल्यास कामाच्या जागेपासून सर्वांत दूरची खोली त्यांच्यासाठी राखावी आणि कारागिरांची ये-जा त्या बाजूने होऊ देऊ नये. इनहेलर आणि औषधे आजींच्या हाताशी असावीत आणि काम सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना कल्पना द्यावी. धाप लागणे, छातीतून सुं-सुं आवाज येणे किंवा बोलताना दम लागणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

सिमेंट किंवा चुन्याची धूळ डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये. ही द्रव्ये तीव्र अल्कधर्मी असतात. स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि त्यानंतर डॉक्टरांना दाखवावा.

सफाई कोणत्या क्रमाने करावी?

वरून खाली आणि आतल्या खोलीकडून दाराकडे. छत, पंखे, दिवे, भिंती, कपाटांचे माथे, खिडक्या, ओटा, आणि सर्वांत शेवटी फरशी. सफाई चालू असताना पंखे बंद ठेवावेत. भिंती आधी कोरड्या मऊ फडक्याने किंवा ब्रशच्या तोंडाच्या व्हॅक्यूमने पुसाव्यात, कारण धुळीवर थेट ओला फडका फिरवला तर पांढऱ्या चिखलाचे ओघळ उमटतात आणि नव्या रंगावर ते सहजी जात नाहीत.

ही सफाई एकदाच करून भागत नाही. पहिली फेरी सामान लावण्याआधी, दुसरी त्यानंतर एक दिवस घर बंद आणि शांत ठेवून, आणि तिसरी साधारण आठवड्याने करावी. दुसऱ्या फेरीचा खरा लाभ मधल्या शांत दिवसामुळे होतो. हवेतील कण त्या अवधीत खाली बसतात आणि उचलता येतात. रंगाचा शेवटचा हात देण्यापूर्वीही एक सफाई व्हावी, नाहीतर भिंतीवर हात फिरवल्यावर लागणारी खरखर कायमची राहते.

केरसुणी किंवा झाडू का वापरू नये?

झाडूने जाड कचरा गोळा होतो, पण बारीक धूळ हवेत उठते आणि तासाभराने पुसलेल्या जागेवर येऊन बसते. अगदीच झाडू वापरायचा असल्यास फरशीवर ओलसर लाकडी भुसा पसरून मग तो हलक्या हाताने ओढावा. धूळ भुशाला चिकटून येते. गालिचा किंवा कच्च्या, पॉलिश न झालेल्या दगडावर हे करू नये, कारण ओल्या भुशाचे डाग पडू शकतात.

घरातील साधा व्हॅक्यूम क्लीनर चालेल का?

जपून. साध्या व्हॅक्यूमची पिशवी जाड धूळ धरते आणि सर्वांत बारीक कण मागच्या झोताने पुन्हा खोलीत सोडते. शिवाय पीओपीच्या चूर्णाने गाळणी काही मिनिटांत बुजते, मोटार तापते आणि यंत्र बिघडते. हेपा गाळणीचे, ओले-कोरडे दोन्ही ओढणारे यंत्र भाड्याने आणावे. हेपा गाळणीची प्रचलित व्याख्या ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी अशी आहे. सफाईचे काम बाहेरच्या कंपनीला देणार असाल तर दर विचारण्याआधी यंत्रात हेपा आहे का, माळा आणि ट्रॉलींच्या आतली बाजू कामात धरली आहे का, आणि दुसऱ्या फेरीला माणसे येतील का, हे तीन प्रश्न विचारावेत.

बादलीतील पांढरे पाणी स्नानगृहाच्या नहाणीत ओतले तर काय होते?

कृपया ओतू नये. पीओपी पाण्यात मिसळल्यावर घट्ट होतो, सिमेंटही होते, आणि दोन्हींचा गाळ नहाणी ट्रॅपच्या वळणात बसून दगडासारखा कडक होतो. नव्या स्नानगृहाची फरशी महिन्याभरात पुन्हा फोडण्याची वेळ अशीच येते, आणि इमारतीचा सांडपाण्याचा सामाईक नळ तुंबला तर खालच्या मजल्यावरील कुटुंबालाही त्रास होतो. बादली रात्रभर तशीच ठेवावी. गाळ तळाशी बसला की वरचे निवळ पाणी अलगद ओतून द्यावे आणि गाळ वाळवून राडारोड्याच्या गोणीत टाकावा. रंगाऱ्यांना त्यांचे डबे आणि थाप्या नहाणीत धुण्यापासून परावृत्त करावे. पहिल्याच दिवशी वेगळी बादली दाखवून ठेवली की हे सोपे जाते.

पुसल्यावरही फरशीवर धूसर, पांढुरका थर राहतो. ॲसिडने जाईल का?

आधी फरशी कोणती आहे ते पाहावे. व्हिट्रिफाइड टाइलवर सांध्यांच्या सिमेंटचा थर राहिला असेल तर टाइलसाठीचे सौम्य द्रावण, सांधे पूर्ण वाळल्यानंतर, उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात वापरता येते. संगमरवर, कोटा आणि शहाबादी फरशी यांवर मात्र ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू काहीही वापरू नये. हे दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात; आम्लाने त्यांचा वरचा थर विरघळतो आणि गेलेली चकाकी पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पुष्कळदा हा थर फरशीचा दोष नसून गढूळ पाण्याचा असतो. एका बादलीत फडका धुवावा आणि दुसऱ्या बादलीतील स्वच्छ पाण्यात भिजवून, घट्ट पिळून पुसावे. पाणी प्रत्येक खोलीला बदलावे आणि शेवटी कोरडा फडका फिरवावा. एवढ्याने बहुतेक फरश्या उजळतात.

एसी, पंखे, फ्रिज आणि संगणक यांचे काय?

कामाच्या काळात त्या खोलीतील एसी चालवूच नये आणि त्याचे आतले युनिट प्लॅस्टिकने बंद करावे. एसीच्या थंड, ओलसर कॉइलवर सिमेंटची धूळ बसली की तिचा लेप होतो. नुसती जाळी धुऊन तो निघत नाही, तंत्रज्ञाकडून कॉइल धुऊन घ्यावी लागते. फ्रिजच्या मागची जाळी आणि संगणकाचे पंखे वीज बंद करून मऊ ब्रशने साफ करावेत. स्विचबोर्ड उघडून साफ करण्याचे काम इलेक्ट्रिशियनवर सोपवावे.

गाद्या, उशा, पडदे आणि पुस्तके कशी साफ करावीत?

कापसाच्या गाद्या गच्चीवर उन्हात घालून तेथेच झटकाव्यात, घरात किंवा बाल्कनीत नाही. पडदे धुण्याच्या यंत्रात टाकण्यापूर्वी बाहेर झटकून घ्यावेत. पुस्तके मिटलेली ठेवून, बांधणीच्या कडेकडून बाहेरच्या दिशेने कोरड्या मऊ ब्रशने पुसावीत. ओला फडका लावू नये. पावसाळ्यात काम काढले असेल तर कोकणपट्टीच्या दमट हवेत धूळ कापडावर चिकटते आणि तिच्यासोबत बुरशीही धरते, म्हणून गाद्या काम सुरू होण्यापूर्वीच बांधून बाहेर हलवणे उत्तम.

स्वयंपाकघरात विशेष काय पाहावे?

उघडे राहिलेले पीठ, मसाले आणि डाळी वापरू नयेत. डब्यांची झाकणे उघडण्याआधी बाहेरून पुसून घ्यावीत, एरवी कडेची धूळ आत पडते. नळांच्या तोंडाशी असलेल्या जाळ्या काढून धुवाव्यात. नळकाम झाल्यावर पाण्याची धार बारीक होण्याचे कारण पुष्कळदा तेथे अडकलेली वाळू असते. ट्रॉली पूर्ण बाहेर काढून त्यांच्या चॅनलमधील धूळ व्हॅक्यूमने ओढावी. तेथे तेल सोडू नये, कारण तेल आणि सिमेंट मिळून ट्रॉली अडकते.

जुना रंग खरवडला आहे. त्याची धूळ वेगळी असते का?

असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगांत, विशेषतः दारे, खिडक्या आणि ग्रिल यांच्या रंगांत, शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. असा रंग कोरडा घासू नये आणि जाळूही नये. पाणी शिंपडत घासावा आणि निघालेले कपचे लगेच गोळा करावेत. रांगणारी मुले हात सतत तोंडात घालतात आणि शिशाचा परिणाम त्यांच्या मेंदूच्या वाढीवर होतो, त्यामुळे त्यांचे हात आणि खेळणी वरचेवर धुवावीत.

गच्चीवर किंवा खिडकीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते फोडू किंवा कापू नयेत. ओले करून, स्क्रू सोडवून अखंड उतरवावेत.

एअर प्युरिफायर घेतल्याने प्रश्न सुटेल का?

बसलेली धूळ प्युरिफायर उचलत नाही. पहिली सफाई झाल्यावर हवेत तरंगणाऱ्या कणांसाठी त्याचा चांगला उपयोग होतो, परंतु काम चालू असताना लावल्यास गाळणी वाया जाते. बारा फूट गुणिले दहा फूट आणि दहा फूट उंच खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा असते. ती तासात पाच वेळा गाळायची तर यंत्राची क्षमता ताशी १७० घनमीटर तरी हवी.

राडारोडा इमारतीखाली किती दिवस ठेवता येतो?

शक्य तितका कमी. बांधकामाच्या कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तो वेगळा साठवून नेमलेल्या ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली. ठेकेदाराने रात्री तो नाल्याकाठी टाकला तरी तो आपल्या घरचाच असतो. महापालिकेच्या विभाग कार्यालयात चौकशी करून तो उचलण्याची सोय करावी आणि तोवर गोण्या झाकून ठेवाव्यात. लिफ्ट आणि जिना रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घेतल्यास शेजाऱ्यांशी कटुताही येत नाही.

घर पुरेसे स्वच्छ झाले, वास्तुशांत करता येईल, हे कसे ओळखावे?

दोन सोप्या चाचण्या आहेत. रात्री दिवे बंद करून विजेरी फरशीला टेकवून आडवी धरावी. तिरप्या उजेडात उरलेली धूळ स्पष्ट दिसते. दुसरी चाचणी म्हणजे कपाटाच्या माथ्यावर काळे कापड पसरून, पंखे चालू ठेवून, चोवीस तासांनी पाहणे. कापडावर बोट फिरवल्यावर ठळक रेघ उमटत असेल तर आणखी एक फेरी करावी.

गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आत काम पुरे व्हावे म्हणून ठेकेदार शेवटच्या दिवशी संध्याकाळी चावी देतो आणि दुसऱ्या सकाळी पाहुणे येतात, असे अनेक घरांत होते. होमाचा धूर, चालू पंखे आणि वीस माणसांची वर्दळ यांनी सारी धूळ पुन्हा हवेत येते आणि ती सर्वांत आधी वडीलधाऱ्यांच्या छातीत जाते. म्हणून मुहूर्त धरताना काम संपण्याची तारीख आणि मुहूर्त यांत किमान आठ दिवसांचे अंतर ठेवावे, आणि ते ठेकेदाराला पहिल्याच बैठकीत सांगावे.